डामिसाचे बारसे

शब्द अमर आहे, माणूस येतो आणि जातो, असे कोशाचे संपादक दर सोमवारी सकाळी आपल्या सहायकांना सांगत आणि सांगून झाले की खिडकी लावून घेत. कोशाची कचेरी पुण्यात शुक्रवार पेठेत एका मिरचीच्या वखारीच्या माडीवर होती, आणि अमर शब्दांची व्यवस्था लावणाऱ्या माणसांना दिवसभर शिंका येत. आनंदरावकडे तेव्हा 'ड' होता. 'ड' कोशात कुणालाच नको असतो. डबके, डाग, डास, डाका, डूख अशी सगळी मंडळी तिथे राहायला असतात. 'श' आणि 'स' संपादकांनी स्वतःकडे ठेवले होते, 'म' त्यांच्या जावयाकडे होता, आणि भोर संस्थानातल्या उत्रोलीच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला, तो बी.ए. असला तरी, 'ड' देण्यात कुणाला काही वावगे वाटले नव्हते. त्या सोमवारी त्याच्यासमोर 'डामीस' होता. मूळ अरबी, दायमुल् हब्स, म्हणजे कायमची कैद. आधी तो शिक्षेला लागला, मग ती शिक्षा झालेल्या माणसाला; समुद्रापार गेलेला माणूस काही परत येईना, तेव्हा रिकामा पडलेला शब्द गावातल्या लबाड, लुच्च्या माणसांना लागला; आणि शेवटी 'डांबीस' होऊन आयांनी तो खोडकर पोरांना लाडाने लावला. संपादकांना अरबी नको होते. "अहो, 'दंभ' घ्या की," ते म्हणाले. "निदान शिवी तरी आपली असू द्या." आनंदरावने मान डोलावली. चारपैकी तीन अर्थ त्याने सुबक अक्षरात लिहिले होते. दुसऱ्या अर्थापाशी, शिक्षा झालेल्या माणसापाशी, टाक सकाळपासून वाळत होता. तो शाईत बुडवायचा, झटकायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा. उत्रोलीत 'चिमाजी डामीस झाला' असे म्हणत ते त्याने याच कानांनी ऐकले होते, आणि चिमाजी हे त्याच्या वडिलांचे नाव होते.

तेवढ्यात जिन्याखालून हाक आली. कोंडिबा, वडिलांचा चुलतभाऊ, डोक्याला उपरणे गुंडाळून वखारीच्या दारात उभा होता. "वर या ना, कोंडिबाकाका," आनंदराव म्हणाला. "न्हाई बाबा, हितंच बरा हाय. शिका येत्यात." मग नाक पुसून कोंडिबा म्हणाला, "आनंदा, तुझा बा आलाय." आनंदराव म्हणाला, "कुठून?" हा प्रश्न नंतर दोन दिवस त्याच्या डोक्यात फिरत राहिला. मेलेला बाप आला म्हटल्यावर माणसाने किंचाळावे, नाही तर हसावे, निदान जिन्याचा कठडा तरी धरावा; त्याने पाहुणा कुठल्या गाडीने आला हे विचारावे तसे विचारले. कोंडिबाला त्यात काही खटकले नाही. "अंदमानातनं," तो म्हणाला. "रजेवर."

स्वारगेटावरून भोरची सर्व्हिस मोटार सुटली तेव्हा आनंदराव ड्रायव्हरच्या मागे बसला होता, आणि प्रत्येक वळणावर त्याला आपण चुकीच्या बाजूला बसलो आहोत असे वाटत होते. कोंडिबा सांगत होता, आणि मोटार गुरगुरत असल्यामुळे अर्धे ओरडून सांगत होता. पुढचे प्रवासी मागे वळून पाहत होते. अंदमानात आता शहाण्या कैद्यांना मोकळे राहू देतात. स्वतःचे घर, स्वतःची शेती. दोन महिन्यांची रजा देतात, त्यात गावी जाऊन बायको घेऊन यायची. बोटीचे भाडे सरकार देते. पाटलाचा दाखला तेवढा लागतो, की ही याची बायको. "मग?" आनंदराव म्हणाला. "मग काय? पाटील म्हनतो, बायको हाय म्हनून देतो लिहून, पर न्हवरा कुठं हाय? न्हवरा मेलाय. आपुनच न्हाई का त्येचं दिवस घातलं?" 'आपुन' म्हणताना कोंडिबाने सबंध भावकीला त्यात घेतले, ही त्याची भलमनसाई. अग्नी आनंदरावने दिला होता. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. चिमाजीने वेल्ह्याच्या बाजारात बैलाच्या सौद्यावरून एका माणसाच्या डोक्यात जू घातले, आणि तो माणूस संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. वेल्हे इंग्रजी हद्दीत. हेच भांडण अलीकडे, संस्थानाच्या हद्दीत झाले असते, तर चिमाजी भोरच्या तुरुंगात बसला असता, आणि त्याच्या बायकोने, सारजाबाईने, सणावाराला भाकरी नेऊन दिली असती. पण खटला पुण्याला चालला. शिक्षा कायमची, असे कळल्यावर भावकी बसली आणि तिने विचार केला: कायमची म्हणजे कायमची, जो परत यायचाच नाही तो आणि मेलेला यांत फरक कोणता? फरक एवढाच, की मेलेल्याच्या घरच्यांना पंगतीला बसवता येते, डामिसाच्या घरच्यांना बसवता येत नाही. तेव्हा दर्भाचा पुतळा केला. पुतळा हलका होता. आनंदरावला अजून आठवे, की त्याने पेटवायच्या आधी वारा आला आणि बाप दोन हात सरकला. कुणीतरी त्याच्या पोटावर दगड ठेवला. त्या दिवसापासून घरात 'डांबीस' हा शब्द बंद झाला. त्याआधी आई दिवसातून दहा वेळा म्हणायची, ये रे डांबिसा, खातोस का न्हाई डांबिसा. नंतर ती त्याला आनंदा म्हणू लागली, आणि त्याला वाटे की आपल्यालाही कुणीतरी जाळून आले आहे. पुढे शाळेच्या, बोर्डिंगच्या, कॉलेजच्या दप्तरांत बापाच्या नावामागे 'कै.' लागले, आणि त्या अक्षराच्या जोरावर फीमाफी मिळाली. दर वर्षी पितृपक्षात तो घास ठेवी, आणि दर वर्षी कावळा लगेच येई. गावात त्याचे कौतुक होते: चिमाजीची काही इच्छा राहिली नाही बघा. मोटार कापूरव्होळाला वळली तेव्हा आनंदरावच्या मनात आले, तो कावळा इतकी वर्षे नक्की कुणाचे खात होता? हा विचार त्याने बाजूला सारला. तो पुन्हा येऊन बसला, कावळ्यासारखाच.

चिमाजी कोंडिबाच्या गोठ्याच्या ओट्यावर बसला होता, उकिडवा, हात गुडघ्यांवर, पाठ सरळ. स्वतःच्या घरात त्याला घेतलेले नव्हते. मेलेला माणूस घरात शिरला की घर बाटते, आणि न मेलेला शिरला की भावकी खोटी पडते. आनंदरावच्या डोक्यात बापाचा जो आकार होता तो दारात मावत नसे. हा माणूस लहान होता. केस बारीक कापलेले, कानांच्या पाळ्या उन्हाने करपलेल्या, अंगावर खाकी सदरा आणि त्याची सगळी बटणे लावलेली. आनंदराव कोट-टोपी घालून अंगणात आला तसा तो उठून उभा राहिला आणि नजर खाली करून म्हणाला, "हाजिर." कोंडिबा म्हणाला, "आरं, आनंदा हाय ह्यो! तुझं पोरगं." "व्हय," चिमाजी म्हणाला, "कोट बघून उठलो." पाया कुणी कुणाच्या पडायचे हे ठरेना. मेलेल्याच्या पाया पडतात, पण तेव्हा तो उत्तर देत नाही. आनंदराव शेजारी बसला. बापाने विचारले, "तू काय काम करतोस?" "शब्दांचे अर्थ लिहितो." "सरकारी?" "नाही." "मग कुनी लावलं?" आनंदरावने टोपी काढून मांडीवर ठेवली. पुण्यापासून मनात घोळत असलेला प्रश्न त्याने विचारला, आणि विचारताना स्वतःचाच आवाज त्याला परका, कचेरीतला वाटला: तिकडे तुम्हाला काय म्हणतात? डामीस म्हणतात का? चिमाजीने बराच विचार केला. "तिथं कुनाला काय म्हनायचं?" तो म्हणाला. "तिथं समदेच तसले. तिथं नाव घेत्यात. बंगाली हाय, मोपला हाय, एक पंजाबी हाय शेजारी, त्यो मला चिमनाजी म्हनतो." मग तो आपणहून म्हणाला, "भात पिकतो. माड हाईत. घर लाकडाचं, पर कोरडं. तुझ्या आयला सांग. मला बोलायची चोरी हाय." आनंदराव उठला तेव्हा चिमाजीही उठला, आणि तो अंगणाबाहेर जाईपर्यंत उभाच राहिला.

चावडीवर दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. म्हणजे पाटील बाजेवर बसला आणि बाकीचे त्याच्याभोवती तंबाखू मळू लागले. पाटलाची अडचण प्रामाणिक होती: चिमाजी जिवंत आहे असे लिहावे तर सारजाबाईला पंगतीला बसवले ते काय म्हणून? मेला आहे असे लिहावे तर दाखला कुणाच्या हातात द्यायचा? भटजींना भोराहून बोलावले होते. त्यांनी डोळे मिटले, आणि शास्त्रात वाट आहे म्हणाले. ज्याचे अंत्यविधी झाले तो परत आला तर त्याने नव्याने जन्म घ्यावा. तुपाच्या भांड्यात बसावे, गर्भासारखे, बाहेर यावे, जातकर्म, नामकरण ओळीने करावे, मग तो माणसांत आला. "आन् लगीन?" कोंडिबाने विचारले. "तेही नव्याने. पूर्वीच्याच स्त्रीशी." "म्हंजी पाट लावायचा," पाटील म्हणाला. "बाई रांडमुंड हाय, पाट लागतोय. स्वतःच्या न्हवऱ्याशीच लागतोय, त्येच्यात काय वाईट?" कुणीतरी म्हणाले, "जोडा जुना, खिळे नवे." सगळे हसले, आणि चिमाजी, तो चावडीखाली उकिडवा बसला होता, तोही आदबीने हसला. आनंदराव हसला नाही. त्याला आतून खाज सुटल्यासारखे होत होते. बाप जिवंत व्हावा असे त्याला वाटत होते, आणि झाल्यावर त्याने लवकर जावे असेही वाटत होते. पण जाताना तो आईला नेणार होता, आणि या वाक्यापाशी आले की त्याचे मन चटका बसल्यासारखे मागे येई. महिन्याअखेरीला मोटारीने यावे, आईने भाताची पेज पुढे करावी, पुण्यात कुणी विचारले तर 'आई गावी असते' म्हणावे, या पलीकडे त्याने आयुष्याकडे फारसे काही मागितले नव्हते. आई अंदमानला असते, असे वाक्य त्याने मनात म्हणून पाहिले. ते व्याकरणात बसत होते.

सारजाबाई खळ्यावर भात झोडत होती. गावात एवढे शास्त्र चालले होते तरी भात वेळेवरच झोडावे लागते. पेंढी डोक्यामागे न्यायची, फळीवर आपटायची, झटकायची, टाकायची. तिचा हात गड्यासारखा चालत असे, आणि गावात तिच्या तोडीचे भात फक्त पाटलाचे निघे. आनंदराव कोट काढून पेंढ्या पुढे सारू लागला. धुळीने त्याचा गळा खाजला. "आई, तुला जायचंय का?" "कुठं?" "त्यांच्याबरोबर." पेंढी आपटली. "मला कुनी इच्यारलं न्हाई अजून." "मी विचारतोय." "तू कोन इच्यारनार? तू त्येंचं दिवस घातल्यालं हाईस." ती रागावलेली नव्हती, तिला फक्त दम लागला होता. मग ती म्हणाली, "त्यास्नी बघितलंस? किती बारीक झाल्यात. गोठ्यात निजत्यात, आन् पहाटं उठून हजेरीच्या वळीत उभं ऱ्हात्यात. एकटंच. वळीला दुसरं कुनी न्हाई." पुन्हा पेंढी. "पाट लावायचा म्हनत्यात. ह्या वयात. बायकांनी मला न्हाऊ घालायचं, नवं लुगडं नेसवायचं, अंधारात न्ह्यायचं. म्या म्हातारी झाले ती काय पुन्ना नवरी व्हायला?" तिने पदराने तोंड पुसले. "लई वर्सं गेली, आनंदा. न्हवरा कसा असतो त्येच इसरले म्या. तिथं जाऊन काय करू? भात तर हितंबी पिकतो." आणि लगेच, "सर ना इकडं पेंढ्या. बघतोस काय?" तो सारू लागला. तिला जायचे नाही, हे त्याला कळले. त्याचा आनंद झाला. आणि आनंद होताच गोठ्याच्या ओट्यावरची ती सरळ पाठ डोळ्यांपुढे येऊन त्याला तो आनंद चोरीच्या मालासारखा वाटू लागला.

जन्म बुधवारी झाला. माणूस मावेल इतके तूप सबंध पंचक्रोशीत नव्हते, म्हणून भोंगवलीच्या गुऱ्हाळातली काहील बैलगाडीत घालून आणली, तिच्यात कोमट पाणी ओतले आणि वर वाटीभर तूप सोडले. "द्रव्य तेच," भटजी म्हणाले, "प्रमाण वेगळे." चिमाजी गुडघे पोटाशी घेऊन काहिलीत बसला. वरून धोतर ताणले. धोतराखालून काही आवाज येईना. आनंदरावला एकाएकी वाटले की हा माणूस यात मुरलेला आहे, त्याला अरुंद जागेत बसायला कुणी शिकवायला नको. भटजींनी मंत्र संपवला, धोतर ओढले, आणि चिमाजी तुपाने चकाकत उभा राहिला. थंडीने त्याचे दात वाजत होते. "रडला न्हाई," मागून एक बाई म्हणाली, "पोर मुकं हाय का काय?" "गप गं भवाने." नाळ म्हणून करगोट्याचा तुकडा कापला. बारसे लगेच उरकायचे होते. पाळण्याऐवजी चौघांनी घोंगडीची चार टोके धरली. पाय बाहेर राहिले. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असे म्हणत बायकांनी त्याला घोंगडीवरून, घोंगडीखालून घालून पाहिले आणि तिसऱ्या खेपेला चौघांचे हात सुटून बाळ आपटले. "बाळाच्या आईने पाटावर बसावे," भटजी म्हणाले, "बाळ मांडीवर घ्यावे." इथे खोळंबा झाला. चिमाजीची आई केव्हाच वारली होती. "आत्या तरी आहे का?" आक्काबाई, चिमाजीची थोरली बहीण, पुढे झाली. ती आनंदरावची आत्या. गावात तिला सगळेच आत्या म्हणत. भटजींचे पोट भुकेने खपाटीला गेले होते. "झाले तर. आत्या ही. मग आत्याची भावजय ती आई. कोण आहे?"

आक्काबाईला सख्खी भावजय एकच होती. सारजाबाई खळ्यावरून तशीच आली होती, लुगड्याला भाताचे कुसळ चिकटलेले. ती बायकांच्या मागे उभी होती, कारण विधवेने पुढे यायचे नसते. आनंदरावला पुढचे सगळे स्वच्छ दिसले. आत्याची भावजय ती आई. आणि आईशी पाट लागत नाही. कुणाच्याच ध्यानात आलेले नव्हते. पाटील घोंगडी झटकत होता. कोंडिबा गूळखोबरे फोडत होता. आनंदरावने तोंड उघडले. भटजींनी त्याच्याकडे पाहिले. "पाट कुठाय?" आनंदरावने विचारले, आणि स्वतःच तो आणून मांडला. सारजाबाई पुढे आली. एकदा तिने मुलाकडे पाहिले. त्या नजरेत विनवणी नव्हती, बाजारातून घरी जायला उठलेल्या बाईची घाई होती. ती पाटावर बसली, पाय लांब केले. चिमाजीने डोके तिच्या मांडीवर ठेवले. किती वर्षांनी, हे कुणीच मोजले नाही. तुपाचा डाग लुगड्यावर पसरत गेला. तिने पदराने त्याचे ओले डोके पुसले, कानामागे, मानेवर, जोर लावून, पोरांचे पुसतात तसे. आणि चिमाजी, जो काहिलीत रडला नव्हता, तो आता रडू लागला. "रडला!" बायका म्हणाल्या. आक्काबाईने वाकून त्याच्या कानात कुर्र केले आणि नाव ठेवले चिमाजी. सरकारी कागदावर तेच होते, बदलून चालणार नव्हते. बायकांनी आक्काबाईच्या पाठीत धपाटे घातले.

गूळखोबरे खाताना पाटील म्हणाला, "मग पाट कदी? परवा?" "परवा उत्तम," भटजी म्हणाले, आणि खोबरे चघळता चघळता थांबले. त्यांनी पाटाकडे पाहिले. मग आक्काबाईकडे, मग सारजाबाईकडे. तोंडातला घास त्यांनी सावकाश गिळला. "पाट कुणाशी लावणार?" ते म्हणाले. "आई झाली ती." सारजाबाई पाय चोळत उठली. मांडीला मुंग्या आल्या होत्या. "लई जड पोर हाय," ती म्हणाली आणि खळ्याकडे गेली.

पुढचे दिवस गावाने भटजींना शिव्या देण्यात घालवले, आणि भटजींनी शास्त्राला. चिमाजीला मात्र घर मिळाले. आईच्या घरात पोराने राहायला कुणाची हरकत असणार? तो पहाटे उठे, अंगणात उभा राही; सारजाबाई आतून म्हणे, "बस खाली, च्या देते," आणि तो बसे. तो तिला काही म्हणत नसे, ती त्याला 'अवो'ही म्हणेना आणि 'अरे'ही. दोघे मिळून उरलेले भात झोडत. कचेरीतून रजा घेऊन राहिलेला आनंदराव खळ्याच्या कडेला बसून पाहत राही. ती दोघे इतकी स्वस्थ दिसत, की त्याचा जीव खालीवर होई. ज्या बाईने एवढ्या शिताफीने स्वतःला सोडवले तिची ही स्वस्थता कसली? एकदा चिमाजीला पेंढी जड गेली, तिने ती त्याच्या हातून काढून घेतली आणि न बघताच म्हणाली, "ऱ्हाऊ दे, डांबिसा." आनंदराव उठून ओढ्यापर्यंत गेला आणि उगाच परत आला. रजेचे दिवस संपत आले तशी ती चिमाजीच्या सदऱ्याची बटणे पक्की करू लागली. मग एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "आनंदा, पोराला येवढ्या लांब एकटं कसं धाडायचं रे?" त्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "पाट लावून बायको म्हनून न्हवं हां," ती म्हणाली. "त्ये माझ्यानं व्हनार न्हाई. पर आय म्हनून जाईन की. रांधून घालीन. त्येंच्या वळीला कुनी तरी नगं का?" भाकरी उलटली. "खळं कोंडिबाभावजी बघतील. तू पुन्यात हाईसच."

चिमाजी चुलीपुढून उठून उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याने नजर वर केली. पाटलाने त्याच दिवशी दाखला लिहून दिला. आई हयात, सोबत जाण्यास राजी. आनंदराव तो घेऊन पुण्याला कलेक्टर कचेरीत गेला. रांगेत त्याच्या मनात एकदा आले, की कागद इथेच फाडावा, आणि एकदा आले, की धावत जाऊन आपलेही नाव त्यात घालावे. कारकुनाने दाखला वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. अंदमानला जायची परवानगी कैद्याच्या बायकोला आणि मुलांना असते. आईला नसते.